गोंदिया प्रांतींचा मालगुजारी वाडा : कालनिर्णयाविषयीं थोडा विचार

भंडाऱ्यांतून इ. स. १९९९ मध्यें वेगळा झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत जुना शेतकरी वाडा दिसला, कीं त्यास ‘भोसलेकालीन’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा प्रघात आम्हांस निराधार वाटतो. नागपूरकर भोसल्यांचें राज्य इ. स. १८५४ मध्यें खालसा झालें. त्यांच्या अमलांत पाटील गांवचा वसूल भरीत असे. गांवाची मालकी त्याची नव्हती. ती मध्यप्रांताच्या इंग्रजी जमाबंदीनें १८६० नंतरच्या दशकांत मालगुजारास दिली. गांव आपल्याकडे राहील याची शाश्वती नसतां सागवानी खांबांचा चौसोपी वाडा सहसा कोण बांधील? ज्या कामठ्याच्या चिमणा पाटलानें इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांशीं झुंज घेतली, तशा जमीनदारांची गोष्ट निराळी. परंतु जमीनदाराची गढी आणि मालगुजाराचें घर एक नव्हे.

खरा पुरावा बांधणींत आहे. पुढें रयतेनें बसावयाची छपरी, एका अंगास बैलांचा कोठा, आंत धानाची कोठी. भिंती मातीच्या, वर कवेलू. नकशीदार खांबांचीं वर्णनें पुष्कळ होतात, कोठीकडे कोणी पाहत नाहीं. सीर जमिनीचें पीक आणि कुळांस वाढीदिढीनें दिलेल्या बियाण्याची फेड तेथेंच सांठे. कोठीचें माप घेतलें, तर गांवांतील घेण्यादेण्याचा अंदाज येतो. खांबावरील कमळांनीं तो येत नाहीं.

मागाहून झालेलें कामही ओळखतां येतें. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना इ. स. १८६५ मध्यें मंगळुरास निघाला, आणि गोंदियाचा लोहमार्ग १८८० नंतरचा. अशीं कौलें किंवा लोखंडी तुळया आढळल्यास तेवढा भाग तरी अलीकडचा धरावा.

इ. स. १९५१ मध्यें मालगुजारी संपली आणि असे वाडे मोडूं लागले. खांब-दरवाजे एका गिऱ्हाइकाकडे जातात, मोडी कागद व वाजिब-उल-अर्जाच्या नकला दुसऱ्याकडे. संग्राहकांत आम्हीही आलों. म्हणून हा दोष आमच्याही पदरीं आहे. खांब कोणत्या घराचा, दप्तर कोणत्या कोनाड्यांतलें, हें ठाऊक नसेल तर दोहोंचाही इतिहासास उपयोग थोडा. यास्तव वस्तु हलविण्यापूर्वीं गांवाचें नांव, वाड्याचा नकाशा आणि कोठीचें माप टिपून ठेवावें, एवढीच संग्राहकांस आमची विनंति आहे.