सेवाग्रामच्या भिंती आणि गावाची कला

गावाच्या भिंती रंगविल्या, चौकात शिल्प उभारले आणि त्या कामी गावकऱ्यांचा हातभार लागला, की गावास नवजीवन लाभते, असा विचार अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजात बराच रूढ झाला आहे. विचार मोठा गोड आहे; परंतु कलेतील सहभाग म्हणजे नेमके काय, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी फारसे तपासलेले दिसत नाही. एके दिवशी हाती कुंचला घेऊन भिंतीवर चार फराटे ओढणे हा सहभाग, की ती भिंत वर्षानुवर्षे राखणे हा? वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाची परीक्षा करण्याजोगी सामग्री इतकी आहे, की तिजसाठी विलायतेकडे धाव घेण्याचे कारण नाही.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले. (गजानन महाराजांचे शेगाव ते निराळे, याला सेवाग्राम हे नाव १९४० साली मिळाले.) निवासाचा खर्च पाचशे रुपयांपलीकडे जाऊ नये आणि सामान व मजूर आसपासचेच असावेत, अशी त्यांची अट होती. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मूळची मीराबेन यांची झोपडी. माती, बांबू, कवेलू एवढाच तिचा संसार. तिच्या भिंतीवर मीराबेन यांनी मातीच्याच उठावात ताडाची झाडे, चरखा व ॐ घडविला. कलाकौशल्याचा काटा लावला तर या आकृती साध्याच ठरतील. परंतु भिंतीहून वेगळी अशी त्यांची प्रतिष्ठा नाही, हाच त्यांचा गुण आम्हांस मोठा वाटतो. ज्या मातीने भिंत लिंपावयाची, तिनेच झाड उभे राहते. भिंत भेगाळली तर झाडही भेगाळते, आणि दोहोंस एकच हात बुजवितो.

येथे कोणी म्हणेल, की मीराबेन तर इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची कन्या. ही गावाची कला कशी? आक्षेप खरा आहे. हे उठाव गावाने केलेले नव्हेत. मात्र ते दुरुस्त करण्याची विद्या गावातील प्रत्येक घरी होती. सणावाराला घर सारवणाऱ्या बाईला ती कोणा कलाशाळेतून आणावी लागत नव्हती. कलाकृती कोणी निर्मिली यापेक्षा ती कोणास दुरुस्त करता येते, हा प्रश्न आम्ही अधिक महत्त्वाचा मानतो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. तेथील टिळकनगर नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या खेड्यातल्या वस्तूंनी सजविले, आणि गांधीजींनी त्यांचा जाहीर गौरव केला. पण ते नगर चार दिवसांचे; मांडव उठला, कला उठली. नंदलालांचे शिष्य देवी प्रसाद यांचे काम आम्हांस याहून खोल गेलेले वाटते. १९४४ पासून १९६२ पर्यंत ते सेवाग्रामच्या नई तालीममध्ये मुलांस कला शिकवीत होते. मुलांतून चित्रकार निपजावेत हा त्यांचा हेतू नव्हता. कला हाच शिक्षणाचा पाया, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका गावी अठरा वर्षे! उद्घाटनाच्या फितीत अडकलेल्या आमच्या कलाप्रेमाने हा आकडा ध्यानी धरावा.

गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने सेवाग्राम विकास आराखड्यात भव्य चरखा उभारला गेला, आणि भंगार लोखंडातून गांधीजी व विनोबा यांची शिल्पे साकारली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या कलावंतांचा त्यांत हात आहे. टाकाऊ लोखंडास चेहरा देण्याची कल्पना चतुर आहे, आणि विनोबांना तर ती फार शोभते. पण आकाराने भारावलेल्या डोळ्यांस प्रश्न पडत नाही, म्हणून आम्ही विचारतो: पाहणे आणि छायाचित्र काढणे यापलीकडे सेवाग्रामच्या माणसास येथे काय करावयाचे उरते? लोखंड गंजले तर तो हात कोठे लावील? ज्या चरख्याचे महत्त्व तो प्रत्येकाच्या मांडीपुढे मावतो यात होते, तो मान वर करून पाहावा लागावा, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

उलट याच जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवितात. सिंदीत तर प्रचंड आकाराचे नंदीही निघतात. आकारास आमचा विरोध नाही, हे यावरून कळेल. सुतार लाकूड तासतो, आई झूल शिवते, पोर दोरी ओढते. आणि पुढच्या वर्षी तोच बैल माळ्यावरून काढून पुन्हा रंगविला जातो. येथे सहभागासाठी कोणास निमंत्रण धाडावे लागत नाही.

तथापि सेवाग्रामपुढची अडचण आम्ही लपवीत नाही. मातीची घरे जाऊन सिमेंटची येत आहेत, आणि ओल्या भिंतीत पाऊसकाळ काढलेल्या कुटुंबाला पक्के घर नको म्हणण्याचा अधिकार शहरातील रसिकांस मुळीच नाही. पण सारवण गेले की बापूकुटीची भिंत राखणारी विद्याही घराघरातून जाणार, व तो उठाव एखाद्या तज्ज्ञाच्या स्वाधीन होणार. आराखड्याच्या चालकांनी एवढे तरी करावे: कुटीशेजारी मातीची एक कोरी भिंत घालावी, आणि दरसाल पावसाळा सरला की जाणत्या बायांना योग्य मजुरी देऊन, शाळेच्या मुलांना हाताशी घेऊन ती लिंपून घ्यावी. तिच्यावर काय उमटवावयाचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे.