काचेतला धोटा आणि गाळलेला धडा

इतिहासाचं पुस्तक बदललं की आपण निषेधाचं पत्रक काढतो, सभा घेतो, वर्तमानपत्राला निवेदन देतो. ते केलंच पाहिजे. पण या बदलाचा दुसरा मार जिथं बसतो तिकडं आपलं लक्ष नाही. तो मार बसतो वस्तुसंग्रहालयात.

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचं गोदाम, तिथं कसलं राजकारण, असं आपल्यातल्या बऱ्याच पोरांना वाटतं. जरा शाळेची सहल बघा. बस थांबते, पोरं रांगेत उतरतात, बाईंच्या हातात वेळेचा कागद असतो. दीड तासात काय काय दाखवायचं? जे धड्यात आहे ते. तिथं माहिती सांगणारी जी पोरंपोरी असतात, तीसुद्धा आपलं बोलणं धड्याशी जुळवून घेतात. कोऱ्या जागा भरायचा कागद वाटतात, तोही धड्यावरूनच काढलेला. शाळा आली नाही तर त्यांचं काम संपलं. म्हणजे पुस्तकातला एक परिच्छेद उडाला की दालनातली एक काच आपोआप आंधळी होते. वस्तू जागेवरच असते. तिच्यापुढं कुणी थांबत नाही एवढंच.

आता काय काय उडालं ते बघू. २०२२ साली एन.सी.ई.आर.टी.ने कोरोनाचं कारण सांगून अभ्यासाचा 'भार' कमी केला. सहावीच्या इतिहासातला वर्णव्यवस्थेचा मजकूर कापला. वर्ण जन्मावरून ठरतो असं पुरोहित सांगत, काहींना अस्पृश्य ठरवलं गेलं आणि पुष्कळांनी ही व्यवस्था नाकारली, हे त्यात होतं. त्याच फेरीत बारावीतला मुघल दरबारांचा धडा गेला. २०२४ साली सहावीचं पुस्तकच नवं आलं. जुन्या नागरिकशास्त्रात नऊ वर्षांचा भीमराव वडिलांना भेटायला निघतो, मसूर स्टेशनावर उतरतो आणि जात कळल्यावर त्याला बैलगाडी मिळत नाही, ही हकीकत होती. नव्या पुस्तकात ती नाही. २०२५ साली सातवीच्या नव्या पुस्तकाच्या पहिल्या भागात सुलतान आणि मुघल नव्हते. ते आठवीत ढकलले. आपल्या राज्य मंडळानं तर २०१७ सालीच सातवीच्या पुस्तकात मुघलांना आकसून टाकलं होतं.

आपले काही मित्र म्हणतात, मुघल गेले तर आपलं काय गेलं? अरे, कात्री एकच आहे. ज्या हातानं अकबर कापला त्याच हातानं अस्पृश्य हा शब्द कापला. बादशहाबद्दल मला काही प्रेम नाही, राजे सगळे सारखेच. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 'अन्वार-इ-सुहैली'ची पानं आहेत, अकबराच्या चित्रशाळेत रंगवलेली. ती गोष्ट मुळात पंचतंत्राची, फारशीत गेलेली. ज्या पोरानं मुघल म्हणजे फक्त लुटारू एवढंच ऐकलंय, त्याला हे चित्र दाखवणाऱ्या मुलीनं सुरुवात कुठून करायची? दहा मिनिटांत ती सगळा धडा शिकवणार, की नुसतं 'रंग बघा, किती बारीक काम' म्हणून पुढं सरकणार? बहुतेक वेळा ती पुढं सरकणारच. तिला दोष कसा द्यायचा?

आपल्या जिव्हाळ्याचा दाखला भायखळ्याला आहे. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ सालची इमारत, गिरणगावाला लागूनच. तिथं मुंबईच्या लोकांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. जातीजातीचे, धंद्याधंद्याचे, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्यांचे. इंग्रजाच्या काळात माणसांची अशी वर्गवारी करून मांडायची हौस होती. आता ज्या पोराला पुस्तकानं जात म्हणजे काय हे सांगितलंच नाही, ते या मूर्तींपुढं उभं राहिलं की त्याला काय दिसणार? वेगवेगळे पोशाख. गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखी गंमत. कोण कुणाच्या विहिरीवर जाऊ शकत नव्हता, हे मातीत दिसत नाही. ते तोंडानंच सांगावं लागतं. आणि तोंडाला पुस्तकाचा आधार राहिलेला नाही. अशानं जात हा अन्याय न राहता फॅशन होऊन बसते. मला तर धडा काढण्यापेक्षा हे जास्त भयंकर वाटतं.

साच्यावर काम करतो म्हणून धोट्याचं जरा लांबवून सांगतो. कापड गिरणीच्या कुठल्याही प्रदर्शनात धोटा ठेवतात. गुळगुळीत लाकूड, टोकाला लोखंड, दिसायला देखणा. खाली चिठ्ठी : धोटा. आता बिनधोट्याचे साचे आलेत, त्यामुळं नव्या पोरांना तो खेळणंच वाटतो. पण कांडी संपली की नवी कांडी घालून धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढायचं असे. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना साचेखात्यात घेत नसत. त्यांच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराच्या ओठाला चालणार नव्हता. पगार साचेखात्यात जास्त, आणि आपली माणसं त्रासनात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, तेव्हा कुठं ही मागणी नाखुशीनं यादीत गेली. लाल बावट्याचा इतिहास लिहिणारे ही ओळ घाईनं उलटतात, तो वेगळा विषय.

एवढं सगळं त्या एका लाकडात आहे. चिठ्ठीत ते नाही. पुस्तकातही नसेल तर सांगणारा कुठून आणणार? आणि एखाद्यानं आपल्या बापाकडून ऐकलेलं सांगितलंच, तर बाई म्हणणार, हे आमच्या पोर्शनमध्ये नाही. एखादा पालक तक्रार करणार, की लहान मुलांना जातपात शिकवतात. त्या पोराच्या पाठीशी संग्रहालय उभं राहील का? मला शंका आहे.

खरं म्हणजे संग्रहालयाला शाळेपेक्षा जास्त मोकळीक आहे. तिथं पेपर नाही, मार्क नाहीत. पुस्तकानं गाळलेलं त्यानं सांगायला हवं. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात 'उपयोजित इतिहास' आणि 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' असे धडे आले, म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण ठेवा कुणाचा, हे विचारल्याशिवाय नुसतं जतन जतन करून काय होणार? नाशिकच्या बौद्ध लेण्यांना अजून पांडवलेणी म्हणतात. तिथल्या भिंतींवर सातवाहनांचे आणि नहपानाच्या जावयाचे लेख कोरलेले आहेत, पांडवांचा एक नाही.

आता थोडं आपल्याकडं. आपणही उंचीच मोजतो. इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकाची पायाभरणी २०१५ साली झाली, पुतळा साडेतीनशे फुटांचा ठरला. ती जागा गिरणीची. इंडिया युनायटेडची सहा नंबर. तिथं एक खोली साचेखात्याची करा, त्यात एक धोटा ठेवा आणि त्याखाली पुरी हकीकत लिहा, ही मागणी आपल्यातल्या किती जणांनी केली? चैत्यभूमीवर सहा डिसेंबरला पुस्तकांचे जेवढे गाळे लागतात तेवढं फिरतं संग्रहालय या देशात दुसरं नसेल, पण तेही चार दिवसांत उठतं.

वस्तीतल्या अभ्यासिकेची पोरं महिन्यातून एकदा भायखळ्याला न्यावीत असं मला वाटतं. आधी घरी म्हाताऱ्यांना विचारून यायचं, कुठल्या खात्यात होतात, पाणी कुठं प्यायचात. मग त्या मातीच्या मूर्तींपुढं उभं राहून तिथल्या ताईला विचारायचं, ह्यातला कोण कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हता? तिला माहीत असेल तर तीच सांगेल. नसेल तर आपली पोरं सांगतील. भेटवहीत ते लिहूनही यायचं, तारीख टाकून.