मुक्तीचे ऋण : एडमंड गॉस यांचे ‘फादर अँड सन’

भारतीय वाचकांना एडमंड गॉस (१८४९–१९२८) हे नाव आठवते ते बहुधा दोन कवयित्रींच्या संदर्भात. तोरू दत्त यांच्या मृत्यूनंतर १८८२ साली निघालेल्या काव्यसंग्रहास त्यांनीच परिचयपर लेख जोडला. आणि विलायतेत शिकणाऱ्या तरुण सरोजिनींना, इंग्रजी कवींचे अनुकरण सोडून आपल्या भूमीचे काव्य लिहावे, असा सल्लाही त्यांनीच दिला. या मार्गदर्शकाची स्वतःची जडणघडण किती कोंडलेल्या घरात झाली, हे ‘फादर अँड सन’ हा ग्रंथ सांगतो. १९०७ साली तो प्रथम निघाला तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते.

वडील फिलिप हेन्री गॉस हे नामांकित सागरजीवशास्त्रज्ञ, आई धर्मपर पुस्तिका लिहिणारी, आणि दोघेही प्लिमथ ब्रदरेन या कडव्या पंथाचे. कल्पित कथा म्हणजे असत्य आणि असत्य म्हणजे पाप, या न्यायाने मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक पडू दिले जात नसे. समवयस्क सोबती जवळजवळ नव्हतेच. १८५७ साली आई कर्करोगाने वारली आणि बापलेक डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. त्याच वर्षी वडिलांनी ‘ओम्फालोस’ लिहून, ईश्वराने जीवाश्मांसकट, म्हणजे भूतकाळाच्या खुणांसकटच, सृष्टी निर्माण केली असे प्रतिपादन केले. ते शास्त्रज्ञांना पटले नाही आणि धार्मिकांनाही रुचले नाही. दहाव्या वर्षी मुलाला बाप्तिस्मा देऊन प्रौढांच्या मंडळीत बसविण्यात आले.

या ग्रंथाकडे अंधारातून प्रकाशाकडे जाण्याची, म्हणजे शिक्षणाने धर्मांधतेवर मिळविलेल्या विजयाची कथा म्हणून पाहिले जाते. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. मुलाच्या सुटकेची साधने तपासली असता ती बहुतेक बापाच्याच हातून आलेली दिसतात. खडकांतील डबक्यांपाशी वाकून समुद्रजीव न्याहाळण्याची सवय बापाने लावली. तीच नजर पुढे बापावरच रोखली गेली. एका संध्याकाळी बापाने व्हर्जिलच्या ओळी मुखोद्गत म्हटल्या. मुलाला अर्थ कळला नाही, पण नादाने तो भारावला. त्याने वाचलेली पहिली कादंबरीही, वेस्ट इंडीजचा भूगोल कळावा या हेतूने, बापानेच हाती दिली. दार उघडले ते पहारेकऱ्यानेच, आणि आपण ते उघडीत आहोत हे त्याला ठाऊक नव्हते, हे या ग्रंथातील मर्म आहे.

बापाने एक घटना किंचित चुकीची सांगितली आणि मुलाने ते ओळखले, तो प्रसंग यासाठीच महत्त्वाचा ठरतो. बाप सर्वज्ञ नाही हे त्या क्षणी कळले. शिवाय आपल्या आत आपलाच एक सोबती आहे, हाही शोध लागला. पुढे मुलाने खुर्चीची मुद्दाम प्रार्थना करून, मूर्तिपूजेबद्दल ईश्वर शिक्षा करतो की नाही, याची परीक्षा घेतली. ईश्वर रागावला नाही. येथे पाखंडापेक्षा प्रयोग अधिक आहे, आणि प्रयोगाची ही शिस्त शास्त्रज्ञ बापाचीच आहे. हास्य आणि करुण यांचे असे मिश्रण गॉस यांना सहज साधते, कारण उपहास करतानाही ते बापाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेत नाहीत.

हा तोल उपसंहारात ढळतो. तेथे बापाचे पत्र समोर ठेवून, आपले अंतर्जीवन आपणच घडविण्याचा हक्क पुत्र घोषित करतो. हक्क निर्विवाद आहे. परंतु पूर्वीची प्रकरणे ज्या ऋणाची साक्ष देतात, ते या घोषणेत लुप्त होते. १८८८ साली निवर्तलेला बाप उत्तर देऊ शकत नव्हता. अ‍ॅन थ्वेट यांनी २००२ साली लिहिलेल्या चरित्रातून दिसणारा फिलिप गॉस पुत्राच्या चित्रापेक्षा अधिक स्नेहाळ आहे, आणि ते बालपणही तितके एकाकी नव्हते असे त्यावरून म्हणावे लागते. यामुळे ग्रंथाचे वाङ्मयीन मोल कमी होत नाही. मात्र त्यास निव्वळ दस्तऐवज म्हणून सादर करण्याचा लेखकाचा आग्रह मान्य करता येत नाही. तो पुत्राने रचलेला बाप आहे. ज्या घरात कल्पित निषिद्ध होते, त्या घराची कथाही अखेर कल्पनेच्या साह्यावाचून सांगता आली नाही.

गॉस यांनी बापाचे रीतसर चरित्र १८९० साली लिहिले होते. त्यात बापाचे कार्य होते, नाते नव्हते. आपल्या भूमीकडे वळा असे त्यांनी सरोजिनींना सांगितले ते या दोन ग्रंथांच्या मधल्या काळात. स्वतः ते आपल्या मूळ भूमीकडे, म्हणजे त्या कोंडलेल्या घराकडे, वळले ते वयाची पन्नाशी उलटल्यावर. शिक्षणाने त्यांना घराबाहेर काढले हे खरे. परंतु त्यांचे सर्वोत्तम लेखन घडले ते त्या घराकडे परतून पाहिल्यावरच.