‘श्रद्धा’ आणि ‘भावार्थ’ : कॅथॉलिक धर्ममीमांसेतील एका संकल्पनेची मराठी परिभाषा

कॅथॉलिक धर्ममीमांसेविषयी मराठीत जे थोडे लेखन होते, त्यात ‘श्रद्धा’ या शब्दावर फार मोठा भार टाकलेला आढळतो. तो भार त्या शब्दाला पेलतो की नाही, याची चौकशी मात्र क्वचितच केली जाते. लॅटिन ‘फिदेस’ या संज्ञेला ‘श्रद्धा’ हा प्रतिशब्द दिला की काम झाले, अशी समजूत दिसते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला तेव्हापासून मराठी सुशिक्षितांच्या मनात ‘बुद्धी विरुद्ध श्रद्धा’ हा वाद घर करून आहे. ‘श्रद्धा’ हा शब्द उच्चारताच तो सारा वाद त्याच्यामागून चालत येतो. कॅथॉलिक विचारवंत बुद्धीला रजा देऊन भावनेचा आश्रय करतो, असा निष्कर्ष मग वाचक काढतो. तो कोणी सहानुभूतीने काढो की विरोधाने, तो मुळातच चुकलेला आहे. कॅथॉलिक श्रद्धाविचारावर आक्षेप घेण्यासारखे स्थळ निश्चित आहे. पण ते येथे नव्हे.

या विचाराची सर्वांत रेखीव मांडणी थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) याच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या अपूर्ण राहिलेल्या ग्रंथात सापडते. त्याच्या मते श्रद्धा ही बुद्धीचीच क्रिया आहे. ईश्वरप्रणीत सत्याला बुद्धी अनुमती देते. ही अनुमती इच्छाशक्तीच्या आज्ञेने दिली जाते, आणि ती इच्छाशक्ती ईश्वराच्या कृपेने प्रेरित झालेली असते. व्याख्येत भावनेला कोठेच जागा नाही. शिवाय ज्ञान आणि श्रद्धा यांची हद्द अक्वायनस इतकी कसोशीने आखतो की, एकच मनुष्य एकच गोष्ट एकाच वेळी जाणूही शकतो आणि श्रद्धेने मानूही शकतो, हे तो नाकारतो. ईश्वराचे अस्तित्व ज्याला युक्तिवादाने सिद्ध करता आले, त्याच्यापुरते ते श्रद्धेचा विषय उरत नाही; ज्याला तो युक्तिवाद झेपत नाही, त्याने ते श्रद्धेने स्वीकारावे. ईश्वराच्या अस्तित्वाचे प्रसिद्ध पाच मार्ग अक्वायनस मांडतो ते यामुळेच श्रद्धेच्या प्रांतात पडत नाहीत, तिच्या उंबरठ्यापाशी थांबतात. उलट, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याची सिद्धी बुद्धीने करू पाहणे हा त्याच्या मते श्रद्धेचाच अपमान होय. असल्या लटक्या प्रमाणांनी अश्रद्धांच्या हसण्याला मात्र निमित्त मिळते. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात ईश्वराचे ज्ञान होऊ शकते असे जे ठामपणे घोषित केले, त्यामागे हीच परंपरा उभी होती.

भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला येथे शब्दप्रमाणाची आठवण होणे साहजिक आहे. अक्वायनसही असाच दाखला देतो : अल्पज्ञ मनुष्याला स्वतःच्या तर्कापेक्षा जाणत्याचे बोलणे अधिक भरवशाचे वाटते, मग ईश्वराच्या बोलण्याविषयी काय सांगावे? परंतु साम्य इतकेच. नैयायिकांच्या दृष्टीने आप्तवाक्यापासून होणारा बोध हे ज्ञानच होय. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पंक्तीला तो बसतो. अक्वायनस मात्र श्रद्धेला ज्ञान आणि मत यांच्या मधोमध बसवतो. तिची निश्चिती ज्ञानासारखी दृढ असते, पण विषय दिसलेला नसल्यामुळे बुद्धी शांत होत नाही. संत ऑगस्टीनच्या एका सूत्राचा आधार घेऊन श्रद्धा म्हणजे अनुमतीसह चालणारे चिंतन, असे तो म्हणतो. अनुमती देऊन झाल्यावरही चिंतन चालूच राहते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. संशयाने कासावीस झालेल्या संतांची चरित्रे या दृष्टीने वाचली तर ती अपवादात्मक वाटत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. पुरावा अपुरा असताना इच्छाशक्तीने बुद्धीला अनुमती देण्याची आज्ञा करावी, हे न्याय्य कसे? मनुष्याला जे हवे असते ते तो खरे मानू लागतो, ही तर मनाची जुनी खोड आहे. अक्वायनसचे उत्तर असे की, श्रद्धावानाला चमत्कारांनी पुष्टी मिळालेल्या शिकवणुकीचा आणि त्याहूनही अधिक अंतःकरणात होणाऱ्या ईश्वरी पाचारणाचा आधार असतो. १८७० च्या परिषदेने चमत्कार आणि भविष्यवाणी या बाह्य खुणांवर विशेष जोर दिला. बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेनंतर तो जोर पूर्वीइतका टिकू शकत नाही. उरते ते आतले पाचारण. आणि ते ज्याचे त्यालाच ऐकू येते. म्हणून श्रद्धा अविवेकी नाही, इतके हा सिद्धान्त चांगल्या रीतीने दाखवून देतो. तिची निश्चिती शास्त्रीय ज्ञानाहूनही वरची आहे, हा दावा मात्र श्रद्धेच्या आत उभे राहूनच करता येतो. बाहेरच्या वाचकाला तो पटवून देण्याचे साधन अक्वायनसपाशी नाही.

तथापि इच्छाशक्तीला मध्ये आणण्याचे एक कारण असे आहे, की ज्यामुळे या सिद्धान्ताचा मानवी जीवनाशी संबंध जुळतो. भुतेही ईश्वर आहे असे मानतात आणि थरथरतात, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. अक्वायनस या भुतांच्या श्रद्धेचा गंभीरपणे विचार करतो. खुणा इतक्या स्पष्ट आहेत की भुतांच्या कुशाग्र बुद्धीला मानल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून त्यांच्या मानण्यात कसलेही पुण्य नाही. मनुष्याची श्रद्धा प्रशंसनीय ठरते ती ती मोकळेपणाने दिलेली असते म्हणून. आणि मोकळेपणाने दिलेली अनुमतीदेखील प्रेमावाचून निर्जीवच राहते. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ल्यूथरच्या अनुयायांविरुद्ध हाच मुद्दा मांडला : आशा आणि प्रेम यांची जोड नसलेली श्रद्धा मनुष्याला ख्रिस्ताशी पुरते एकरूप करीत नाही. सत्य मानणे आणि त्या सत्यावर जीव जडणे अशी ही दोन पदरांची वीण आहे.

आता मराठी शब्दांकडे वळावे. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या उद्योगातून जे मराठी बायबल तयार झाले, त्यात ‘विश्वास’ हा शब्द रूढ झाला. तो व्यक्तीवर टाकलेल्या भरवशाचा शब्द आहे. ल्यूथरच्या विचाराला तो शोभतो, पण सिद्धान्ताला दिलेली बुद्धीची अनुमती त्यात नीट मावत नाही. याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या आरंभी, गोव्यातील साष्टी प्रांतात निराळी निवड झाली होती. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याने १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त श्रद्धेसाठी ‘भावार्थ’ आणि श्रद्धावंतांसाठी ‘भावार्थी’ हे शब्द वापरले. ते त्याने घडवलेले नव्हते. मराठी भक्तिपरंपरेतले ते चलनी नाणे होते. ‘भाव’ या शब्दात प्रेम आहे, निष्ठा आहे, अनन्यता आहे. ट्रेंटला अभिप्रेत असलेली प्रेमयुक्त श्रद्धा त्यात सहज सामावते. आणि बुद्धीच्या अनुमतीचे काय? तिच्यासाठी कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनांत ‘सत मानणे’ हा प्रयोग स्थिरावला. ‘मी मानतो’ अशा अर्थाच्या शब्दाने ज्या धर्मप्रतिज्ञेचा लॅटिनमध्ये आरंभ होतो, तिचे नावच या प्रयोगावरून पडले. सत्य म्हणून मानणे : अक्वायनसच्या व्याख्येचे याहून नेटके भाषांतर सापडणे कठीण. एका लॅटिन शब्दाचे काम गोव्याने दोन देशी शब्दांत वाटून दिले, आणि ‘श्रद्धा’ या एकाच शब्दात जे आज गढूळ होते ते तेथे स्वच्छ राहिले.

या परिभाषेच्या जन्मस्थळाचे दुसरे अंगही डोळ्यांआड करता येत नाही. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडण्यात आली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने कठोर सूड घेतला. मूर्तिपूजकांना श्रद्धेसाठी सक्ती करू नये, कारण मानणे हे इच्छेचे कर्म आहे, असे अक्वायनसने स्पष्ट लिहिले होते. तेच वाचून तयार झालेले धर्मोपदेशक सत्तेच्या अशा सावलीत वावरत होते. (धर्मभ्रष्टांच्या बाबतीत त्यानेही सक्तीला वाट ठेवली होती, हे लपवण्याचे कारण नाही.) धर्मस्वातंत्र्याचा हक्क दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निःसंदिग्धपणे मान्य केला, तोपर्यंत सिद्धान्त आणि व्यवहार यांतील ही फट उघडीच होती.

‘श्रद्धा’ या शब्दालाही न्याय दिला पाहिजे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त श्रद्धेची जी व्याख्या आहे, ती शास्त्र आणि गुरुवाक्य यांचे सत्य म्हणून बुद्धीने केलेले अवधारण अशीच आहे. तेथेही श्रद्धा भावनेच्या खात्यात नाही, आणि ‘सत मानणे’ तिच्यापासून फार दूर नाही. फरक पडतो तो पुढच्या वाटेवर. वेदान्तातील श्रद्धा हे साधन आहे. अनुभव आला की तिचे काम संपते, आणि तो अनुभव याच देही येऊ शकतो. कॅथॉलिक विचारातही श्रद्धेचा शेवट दर्शनातच होतो, पण ते दर्शन मरणापलीकडचे आहे. अक्वायनस या लोकीच्या मनुष्याला वाटसरू म्हणतो. वाट सरेपर्यंत त्याला न दिसलेल्यालाच अनुमती देत चालावे लागते.

आजच्या मराठीत ‘भावार्थ’ म्हटले की शालेय पुस्तकातील कवितेचा सारांश डोळ्यांपुढे येतो. गोव्यातील आणि मंगळूरकडील कॅथॉलिक घरांत मात्र कोंकणीतून तो शब्द अजूनही श्रद्धेच्याच अर्थाने उच्चारला जातो.