नभोवाणीच्या इतिहासांतील ‘प्रथम’ आणि नंदुरबार

बिनतारी तारायंत्र व नभोवाणी यांच्या इतिहासाकडे अलीकडे मराठी लेखकांचें लक्ष वळलें आहे, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु या लेखनांत तीन दोष वारंवार आढळतात. त्यांची चिकित्सा वेळींच झाली नाहीं, तर पुढील अभ्यासकांच्या हातीं ते प्रमाण म्हणून पडतील. यासाठीं नंदुरबारचें उदाहरण समोर ठेवून आम्ही ती येथें करीत आहों.

पहिला दोष ‘प्रथम’ या शब्दाचा. हिंदुस्थानांतील पहिलें ध्वनिक्षेपण कोणी 1921 चें सांगतो, कोणी 1923 चें, तर कोणी 1927 चें. ऑगस्ट 1921 मध्यें गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या इच्छेवरून टाइम्स ऑफ इंडिया पत्रानें डाक-तार खात्याच्या साह्यानें मुंबईहून गायनवादन प्रक्षेपित केलें व तें लॉइड यांनीं पुण्यास ऐकलें. हा एक प्रसंग होय. जून 1923 मधील मुंबईच्या रेडिओ क्लबाचे कार्यक्रम हा हौशी मंडळींचा उपक्रम होय. 23 जुलै 1927 रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलेलें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र ही नियमित संस्था होय. तिन्ही तारखा आपापल्या जागीं योग्य, पण त्या तीन भिन्न वस्तूंच्या आहेत. भिंतींत बसविलेल्या शिलालेखाच्या शकावरून सगळ्या देवळाचा काळ ठरविणाऱ्यावर आपण जो आक्षेप घेतों, तोच येथेंही लागू पडतो.

दुसरा दोष याहून खोल आहे. हा इतिहास नेहमीं प्रक्षेपकाच्या टोकाकडून लिहिला जातो. केंद्र उघडलें म्हणजे प्रांतानें ऐकलें, असें गृहीत धरलें जातें. मुंबईच्या त्या केंद्राची शक्ति अवघी 1.5 किलोवॅट होती व त्याचा खात्रीचा टप्पा सुमारें 48 किलोमीटर. नंदुरबार मुंबईपासून सरळ रेषेंत सुमारें 300 किलोमीटर दूर. मध्यम लहरी रात्रीं दूरवर जातात हें खरें, पण अशा ऐकण्यास भरंवसा नसतो. शिवाय परवान्याची वार्षिक फी 10 रुपये होती. सबंध देशांत 1927 अखेर परवाने 3,594 होते व 1929 अखेर 7,775. इतक्या थोड्या उत्पन्नावर न भागल्यामुळें 1 मार्च 1930 रोजीं कंपनीचें दिवाळें निघालें. पुढें सरकारनें काम हातीं घेतलें व 4 फेब्रुवारी 1938 रोजीं मुंबईचें लघुलहरींचें केंद्र सुरू झालें. लघुलहरी वरच्या वातावरणांतील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन दूर उतरतात. तेव्हां खानदेशापुरतें पाहतां 1927 पेक्षां 1938 या सालास अधिक महत्त्व आहे. हें केवळ उद्घाटनांची यादी करणाऱ्यास दिसणार नाहीं.

तिसरा दोष सर्वांत मोहक, म्हणून सर्वांत घातक. 9 सप्टेंबर 1942 रोजीं त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यांतील नंदुरबार येथें मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत 15 वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती हुतात्मे झाले. त्याच दिवसांत मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ हें गुप्त केंद्र 42.34 मीटरवर चालवीत होते. त्याच्या प्रारंभाच्याही दोन तारखा सांगतात: 14 ऑगस्ट ही मंडळी कामास लागल्याची, 27 ऑगस्ट ही प्रत्यक्ष आवाज निघाल्याची. 12 नोव्हेंबरच्या धाडीनें तें बंद पडलें. नंदुरबारची तारीख या मर्यादांच्या आंत येते, एवढ्यावरून एका घटनेस दुसरीचें कारण ठरविणें इतिहासाच्या रीतीस धरून नाहीं. कालसान्निध्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. त्या मुलांच्या हौतात्म्यास मुंबईच्या यंत्राचा टेकू लागत नाहीं. उलट तो दिल्यानें त्यांचा स्वतःचा निर्धार मात्र उणा दिसूं लागतो.

यावर कोणी म्हणेल कीं, जुनीं माणसें ‘तेव्हां आम्ही रेडिओवर ऐकलें’ असें सांगत, त्याचें काय? अशी आठवण आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. पण बखरीस जी कसोटी लावतों तीच तिला लावली पाहिजे. 1942 च्या आरंभापासून बर्लिनचा आझाद हिंद रेडिओही बोलत होता, आणि त्याचे कार्यक्रम मराठींतही होत. बी. बी. सी. होतें, सरकारी केंद्रें होतीं. तेव्हां ऐकलें तें कोठलें, कोणत्या भाषेंत, कोणत्या लहरीवर, हें विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. संच उरला असेल तर त्याची तबकडीच साक्ष देते: ज्या संचावर लघुलहरींचा पट्टाच नाहीं, त्यावर 42.34 मीटरचें केंद्र लागणें शक्य नव्हतें.

बोललेला शब्द हवेंत विरतो. इतिहासास उरतो तो कागद. काँग्रेस रेडिओचे शब्द टिकले ते मुख्यतः सरकारच्या माणसांनीं ते ऐकून लिहून घेतले व खटल्यांत पुरावा म्हणून मांडले यामुळें. शत्रूच्या दप्तरांत आपला इतिहास सुरक्षित राहावा, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. उषा ठक्कर यांनीं 2021 मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ते प्रतिलेख छापून मोठें काम केलें आहे; नंदुरबारचा संबंध ज्यास जोडावयाचा असेल त्यानें प्रथम 9 सप्टेंबरनंतरचे प्रतिलेख तारीखवार वाचावे, मग लेखणी उचलावी.

पण ऐकणाऱ्याच्या टोकाचा कागद कोणीं जपावा? धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ 1927 मध्यें, म्हणजे मुंबई केंद्राच्याच वर्षीं, स्थापन झालें. घरोघरचीं दप्तरें रद्दींत जाण्यापूर्वीं वाचविण्याची शिकवण या प्रांतास तेथून मिळाली. नंदुरबार, शहादें, तळोदें येथील जुन्या घरांतील रेडिओचा परवाना आज तसाच रद्दींत जातो. त्यावर धारकाचें नांव असतें, पोस्टाचा तारखेचा शिक्का असतो, दरसालच्या नूतनीकरणाची नोंद असते. कोणत्या गांवीं नभोवाणी कोणत्या वर्षीं पोंचली, याचें यापरतें अस्सल साधन नाहीं. संग्राहकांनीं मोडी रुमालांशेजारीं या परवान्यांस, संचाच्या पावत्यांस व कार्यक्रमपत्रिकांस जागा द्यावी. या जिल्ह्याच्या नभोवाणीचा इतिहास लिहावयाचा तो या कागदांवरून लिहावा, उद्घाटनांच्या यादीवरून नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.