हुकमाची दुर्री

पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर श्रावणात मेंढीकोटाचा डाव बसायचा. सातगाव पठारावरची बटाट्याची लागवड उरकलेली असे, झड लागली की खुरपणीला वाफसा मिळत नसे, आणि मोठी माणसे नाइलाजाने मोकळी असत. चार गडी, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पाने. मी पाचवा, म्हणजे चहा आणणारा. ‘हुकूम’ हा शब्द मी त्या ओट्यावर ऐकला. शाळेच्या पुस्तकात तो राजाच्या तोंडी आला त्याच्या कितीतरी आधी. पुढे पुण्यात शिकायला गेल्यावर इंग्रजीतला ‘ट्रम्प’ भेटला, तेव्हा मास्तरांनी अर्थ सांगितला, ट्रम्प म्हणजे हुकूम. मी तो वहीत उतरवून घेतला आणि पुढची चाळीस वर्षे त्याच्याकडे वळून पाहिले नाही. या बेफिकिरीची किंमत मला अनुवादक म्हणून मोजावी लागली.

इंग्रजी शब्दाची कुळी आधी पाहू. पंधराव्या शतकात इटलीत पत्त्यांच्या नेहमीच्या चार रंगांना चित्रांच्या पानांचा एक पाचवा गट जोडला गेला. ही पाने बाकी सगळ्या पानांना मारत. त्यांना ‘त्रिओन्फी’ म्हणत, म्हणजे विजय, विजयाच्या मिरवणुका. तोच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत ‘ट्रायम्फ’ होऊन आला आणि बोलता बोलता झिजून ‘ट्रम्प’ झाला. 1529 मध्ये केंब्रिजला ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने ख्रिस्ताने घालून दिलेले नियम पत्त्यांच्या डावाच्या रूपकातून समजावले आणि त्यात बदामाला हुकूम केले. प्रवचनात पत्ते आणायला धाडस लागत असणार. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’त हरलेला अँटनी क्लिओपात्राने सीझरशी संगनमत करून पाने लावली असा आरोप करतो, तेव्हा त्याच्या तोंडच्या ‘ट्रायम्फ’मध्ये विजय आणि हुकूम दोन्ही ऐकू येतात. मराठीत ही कोटी उतरवणे अशक्य आहे, कारण आपल्याकडे त्या दोन अर्थांची चूलच वेगळी.

याच उच्चाराचे दुसरेही ‘ट्रम्प’ इंग्रजीत आहेत. बायबलमधला शेवटचा ट्रम्प म्हणजे कर्णा. पत्त्यांशी त्याचा संबंध नाही. खोटा गुन्हा रचण्याला ‘ट्रम्प अप’ म्हणतात. त्यामागे फसवणे या अर्थाचे फ्रेंच क्रियापद आहे की पत्त्याचे पान, यावर कोशकारांचे एकमत नाही. बहुधा दोघांची सरमिसळ झाली असावी. एकोणिसाव्या शतकात भल्या, वेळेला धावून येणाऱ्या माणसालाही ट्रम्प म्हणत. व्हिस्टच्या खेळात वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटून दाखवीत आणि त्याचा रंग हुकूम ठरे. अनपेक्षितपणे चांगले घडले की इंग्रज ज्या वाक्प्रचारात ट्रम्प ‘उलटवतो’, तो इथला. आताच्या ब्रिटिश पोरांच्या बोलीत ट्रम्प म्हणजे पाद, हेही नोंदवून ठेवतो. आडनावाचा विषय मी मुद्दाम टाळतो आहे. त्यावर यंदाच्या अंकांत पुष्कळ छापून येईल.

आता आपला शब्द. हुकूम अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. त्याचा अर्थ आज्ञा, निवाडा. इंग्रजी शब्द डावाच्या शेवटाकडे पाहतो, कोण जिंकले. मराठी शब्द डावाच्या आरंभाकडे पाहतो, कोणाचे चालेल. शिवाय हा शब्द प्रदेशाप्रमाणे रंग बदलतो. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक, आणि आपल्या हुकमाला तिथे तुरुप म्हणतात. हा तुरुप पोर्तुगीज ‘त्रुन्फो’, डच ‘त्रूफ’ यांचा भाऊबंद, म्हणजे फिरून त्या इटालियन मिरवणुकीतलाच. त्यामुळे हिंदीतला ‘हुकुम का इक्का’ मराठीत ‘हुकमाचा एक्का’ करणारा भाषांतरकार बदाम हुकूम असलेल्या डावात इस्पिकचा एक्का टाकून मोकळा होतो. मालिकांच्या मराठी संवादांत हे मी अनेकदा ऐकले आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, एकशेवीस पाने. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. पण एका रंगाने बाकी सगळ्यांवर चढावे ही सोय तिथे नाही. ती युरोपीय पत्त्यांची देणगी, आणि तिला आपण दरबारी नाव दिले.

नावामुळे काय घडले ते वर्तमानपत्रांत दिसते. मराठी पत्रकाराच्या हुकमाला एक्क्यावाचून करमत नाही. निवडणुकीत उतरवलेला वजनदार उमेदवार हुकमाचा एक्का, अखेरच्या षटकातला गोलंदाज हुकमी एक्का. इंग्रजी ‘ट्रम्प कार्ड’मध्ये एक्का कुठेच नाही, नुसते पान आहे. आणि खेळणारा सांगेल की एक्का कोणत्याही रंगाचा असो, त्याला मान असतोच. त्यासाठी हुकूम लागत नाही. हुकमाची खरी करामत दुर्रीत आहे. चौकटचा एक्का, राजा, राणी पडलेली असताना हुकमाची दुर्री येते आणि हात उचलून नेते. ज्याला एरवी कोणी विचारत नाही त्याची किंमत एका नियमाने वाढते. आपण मात्र शब्दातली आज्ञा ऐकली, आज्ञा देणारा मोठाच असणार असे धरले आणि दुर्रीला विसरलो.

मेंढीकोटाचा तर याहून विलक्षण प्रकार आहे. बंद हुकमात एक पान पालथे ठेवतात, ते वेगळे. कट हुकमात डाव सुरू होताना हुकूमच नसतो. उतारीच्या रंगाचे पान ज्याच्याकडे नसते, त्याला दुसऱ्या रंगाचे पान टाकावे लागते आणि तो रंग हुकूम होतो. म्हणजे ज्याच्याकडे नाही, तो ठरवतो. आमच्या ओट्यावर एक आजोबा हात रिकामा झाला की मांडीवर थाप मारून म्हणत, ‘माज्याकडं न्हाई, आता माजाच हुकूम.’ पाच-तीन-दोनमध्ये पाच हात करायची जबाबदारी ज्याच्यावर, तो पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलतो. तिथे अधिकार जबाबदारीतून येतो, इथे उणिवेतून.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी कायद्याच्या तत्त्वज्ञानावरचा एक लेख मराठीत केला. रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकी विचारवंताने 1977 च्या ‘टेकिंग राइट्स सीरियसली’ या पुस्तकात व्यक्तीच्या हक्कांना ट्रम्प म्हटले. समाजाचे एकूण भले होते एवढे कारण व्यक्तीचा हक्क डावलायला पुरत नाही, असे त्याचे म्हणणे. मी वहीतल्या समीकरणावर विसंबून लिहिले, ‘हक्क म्हणजे हुकूम’. संपादकांनी तेच मथळ्यात घेतले.

अंक गावी गेला. डिंभे धरणात जमीन गेलेल्या कुटुंबातले एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांनी लेख वाचला होता. ‘सर, हक्क म्हंजी हुकूम? हुकूम तर आमाला आलता.’ एवढेच म्हणून ते थांबले.

ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते गाव आज घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात. जलाशयाला बाबू गेनूचे नाव आहे. म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडला आणि चिरडला गेला. तेव्हाच्या भूसंपादनामागे 1894 चा कायदा होता आणि त्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द सगळ्यांवर चढणारे पान होते. ड्वॉर्किन म्हणतो ते नेमके उलट. हे पान व्यक्तीच्या हातात हवे, सरकारच्या नव्हे. माझ्या मराठीने ते सरकारच्या हातात परत नेऊन ठेवले होते. ज्याला हुकूम येतो त्याला मी सांगत होतो की हुकूम हाच तुझा हक्क. शब्दकोशाच्या दृष्टीने भाषांतर बरोबर होते, त्यामुळे संपादक, मुद्रितशोधक आणि मी, कोणालाही ते खटकले नाही.

ड्वॉर्किनच्या रूपकातही खोट आहे, ती या धक्क्यानंतर मला दिसली. हुकमाचे पान वजन करत नाही. दुर्री असो वा नव्वी, दुसऱ्या रंगावर चढतेच. हक्काविषयी मात्र तो स्वतःच कबूल करतो की रोजच्या सामुदायिक हितापुढे हक्क टिकला पाहिजे, पण अगदी असामान्य प्रसंगी हटूही शकतो. म्हणजे प्रसंग किती मोठा हे तोलणारा कोणीतरी आलाच, आणि तोलणे आले की पत्त्यांचा नियम संपला. धरणाच्या खाली पाणी पोचलेल्या बागायतदाराला प्रसंग मोठा वाटेल, पाण्याखाली गेलेल्याला नाही. पावसावर बटाटा काढणारे आमचे पठार या वादात कोणत्या बाजूला बसते, हे मलाही ठरवता येत नाही.

लेख पुढे पुस्तकात घेताना मी ते वाक्य बदलले, ‘हक्क म्हणजे व्यक्तीच्या हातातली हुकमाची पाने’. ‘पाने’ आली की राजा बाजूला होतो आणि ओटा दिसतो. वाक्य लांबले, मथळा म्हणून ते चालेना, म्हणून संपादकांनी दुसरा मथळा दिला. तळटीपेत मी दुर्रीचा उल्लेख केला होता. ‘दुर्री’ नव्या वाचकाला कळणार नाही, त्याऐवजी ‘एक्का’ करू या का, असे मुद्रितशोधकाने समासात पेन्सिलीने विचारले होते. मी ‘नको’ लिहून प्रूफ परत पाठवले.