लघुरेल्वेचे विद्युत नियंत्रण : दोन पद्धतींचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना

खानदेशाला रेल्वे नवी नाही. भुसावळ येथे विद्युत इंजिनांची शेड आहे. चाळीसगाव-धुळे आणि जळगाव-सुरत हे मार्ग जुने आहेत. तथापि गाडी डोळ्यांसमोरून जात असली तरी तिच्या नियंत्रणाचे तत्त्व दृष्टीआड राहते. लघुरेल्वे हे तत्त्व टेबलावर आणून ठेवते. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. अशा प्रदर्शनांत प्रेक्षकांची नजर डब्यांवर आणि दिव्यांवर खिळते. फळीखालच्या तारांचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत निबंधात या तारांच्या दोन पद्धतींची तुलना करून, नवी पद्धत सर्वार्थाने श्रेष्ठ असते, हे गृहीतक तपासले आहे.

विभागीय जोडणी

पारंपरिक पद्धतीत दोन रुळांना साधारण शून्य ते बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह दिला जातो. व्होल्टता वाढविली की वेग वाढतो, ध्रुवता उलटविली की दिशा बदलते. येथे आज्ञा रुळाला दिली जाते. त्यामुळे एकाच रुळावरील दोन इंजिने एकदमच धावू लागतात. त्यांना वेगळे चालवायचे तर रूळ तोडून विभाग पाडावे लागतात आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र स्विच द्यावा लागतो. मार्ग वाढला की तारांचे जाळे वाढते, दोष शोधणे कठीण होते. या पद्धतीवरील हा आक्षेप रास्त आहे.

अंकीय संदेशप्रणाली

जर्मनीतील लेन्झ यांच्या कार्यावर आधारित आणि अमेरिकेतील राष्ट्रीय लघुरेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात प्रमाणित केलेली डीसीसी प्रणाली ही अडचण दूर करते. रुळावर कायम पूर्ण व्होल्टता असते. तिची ध्रुवता अतिजलद उलटत राहते. अर्धस्पंद ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर 'एक', १०० किंवा अधिक असेल तर 'शून्य' असा अर्थ होतो. प्रत्येक इंजिनातील डिकोडर केवळ स्वतःच्या क्रमांकाचा संदेश स्वीकारतो. त्याची जोडणी रंगांनुसार ठरलेली आहे : लाल व काळी तार रुळांकडून, नारिंगी व करडी मोटारीकडे. मोटारीचा रुळांशी असलेला थेट संबंध आधी पूर्ण तोडावा लागतो; अन्यथा डिकोडर जळतो.

तुलनात्मक विवेचन

नवी प्रणाली प्रत्यक्ष रेल्वेच्या अधिक जवळ आहे, असे म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. भुसावळमार्गे जाणाऱ्या गाडीच्या डोक्यावरील तारेत २५ हजार व्होल्टचा पुरवठा कायम असतो आणि वेग चालक ठरवितो. परंतु रेल्वेची सुरक्षितता केवळ चालकाच्या हाती नसते. एका विभागात एका वेळी एकच गाडी, हे ब्लॉक पद्धतीचे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. डीसीसीमध्ये समोरासमोर येणारी दोन इंजिने आपापली आज्ञा तंतोतंत पाळून एकमेकांवर आदळू शकतात. ते टाळण्यासाठी विभागातील गाडीची उपस्थिती ओळखणारी वेगळी यंत्रणा बसवावीच लागते. विभागीय जोडणीत मात्र पुढील विभाग व्यापलेला असल्यास मागच्या विभागाचा पुरवठा तोडून गाडी थांबविता येते. म्हणजे जुनी पद्धत स्टेशन मास्तरची दृष्टी देते, तर नवी चालकाची.

समारोप

जळगाव, धुळे येथील महाविद्यालयांत असा प्रकल्प हाती घेतल्यास तयार डिकोडर बसवून गाडी फिरविणे पुरेसे मानू नये. बंद चकतीतील निर्णय विद्यार्थ्याला दिसत नाहीत. विद्यार्थ्याने प्रथम दोन-तीन विभागांची जोडणी स्वतः करावी, रिले जोडून 'पुढे गाडी, मागे थांबा' हा नियम तारांतून सिद्ध करावा. त्यानंतर सूक्ष्मनियंत्रकाच्या साहाय्याने ५८ मायक्रोसेकंदांचा स्पंद निर्माण करून तो ऑसिलोस्कोपवर पाहावा. या क्रमाने गेल्यास भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही विभागांना एकच टेबल उपयोगी पडेल आणि खेळणे समजून बाजूला ठेवलेली वस्तू प्रयोगशाळेत आपले स्थान मिळवील.